बुधवारी

जेलरोडहून निघालेली बस द्वारका ओलांडते
तेव्हा शालन पर्स उघडून तिकिटं बघते,
पुन्हा आत ठेवते.
एवढ्या वर्षांत चेकर दोनदाच चढला.
तिचं म्हणणं, आज तिसऱ्यांदा चढला तर?

मी छत्तीस वर्षं नोट प्रेसमध्ये चुका शोधल्या.
सांडलेला रंग, सरकलेला आकडा,
कडेला केसभर जास्त कापला गेलेला कागद.
दुसऱ्यांचा इतका पैसा रोज डोळ्यांखालून जायचा
की घरी आल्यावर दूधवाल्याने दिलेली दहाची नोटही
मी उजेडात धरायचो.
खरी आहे हो, ती म्हणायची,
चहा निवतोय.

आता डाव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले.
दिवसातून चार वेळा ती मला पलंगावर आडवं पाडते,
अंगठ्याने पापणी वर सरकवते,
म्हणते, हलू नका,
आणि हलतो तिचाच हात.
एक थेंब गालावर, एक कानात,
एक कसाबसा डोळ्यात.
पंधरा दिवसांची बाटली आठवड्यात संपते.
केमिस्ट आताशा आम्हाला बघूनच
ड्रॉवर उघडतो.

केदार बंगळुरूहून सांगतो,
बाबा, भाजी हल्ली घरपोच येते.
येते की.
पण भाजीच घरी आली
तर आम्ही कुठे जायचं?

शालिमारला उतरून उताराने चालत जातो.
मी जरा पुढे, ती जरा मागे,
गुडघ्यामुळे.
मग मी कुठल्या तरी दुकानापाशी थांबतो,
तांब्याच्या बंबाची किंमत विचारतो.
बंब घ्यायचा नाहीये
हे आता दुकानदारालाही ठाऊक आहे.

गोदेच्या काठाला बाजार पसरलेला.
वालपापडी, गावठी लसूण, मेथीच्या ओल्या जुड्या,
पिंपळगावची द्राक्षं, अजून थोडी आंबटच.
शालन मटारच्या ढिगातली एक शेंग फोडते, खाते,
दुसरी फोडून मला देते,
आणि भाव त्यानंतर विचारते.
मावशी, आधी वजन तरी करू द्या, तो पोरगा म्हणतो.
माझं कर, ती म्हणते, परवडणार नाही तुला.

मग मिसळ.
डॉक्टरांनी दोघांनाही तिखट बंद केलंय,
वेगवेगळ्या डॉक्टरांनी, वेगवेगळ्या कारणांनी.
म्हणून आम्ही एकच प्लेट घेतो,
अर्धा अर्धा गुन्हा.
शेव माझ्याकडे, रस्सा तिच्याकडे,
पापड मोडताना आजही थोडं भांडण.

आज बाकड्यावर ऊन तिरकं येत होतं.
म्हटलं, ही चॉकलेटी साडी
तुला चांगली दिसते.
वांगी आहे, ती म्हणाली.
अकरा वर्षं वांगीच आहे.

उजवा डोळा झाकला. खरंच, वांगी.
मग डोळा झाकूनच ठेवला थोडा वेळ.
कुकरच्या वाफेने भाजलेला कानाखालचा डाग,
भुवईतला एकच पांढरा, हट्टी केस,
नाकाशेजारी नवीन तीळ.
की जुनाच असेल,
माझ्याच नजरेतून सुटलेला?

काय बघताय एवढं?
काही नाही, म्हटलं,
रस्सा लागलाय हनुवटीला.
लागला नव्हता.
तिने पदराने पुसला.
अजून आहे, म्हटलं.
तिने परत पुसला,
आणि मग चमचा उगारला.

परतीच्या बसमध्ये खिडकी मिळाली.
तिकिटं बघून झाली, ठेवून झाली.
पिशवी दोघांच्या मांडीवर मधोमध,
नांदूर नाक्यापर्यंत शेंगा फोडत बसलो.
दाणे डब्यात टाकायचे होते.
डबा मात्र
भरेना.

आता भाजीला पुरायचे नाहीत, मी म्हणालो.
बटाटा घालू, ती म्हणाली,
आणि आणखी एक फोडली.